राईत मुक्कामाला राहिलेला टँकर

माझा नातू मोबाइलवर एक खेळ खेळतो. त्यात पांढऱ्या पायघोळ झग्यातले, बेंबीपर्यंत दाढ्या वाढवलेले काही म्हातारे एका जंगलाची राखण करत असतात. जंगलाच्या पलीकडे काळा धूर सोडणारे कारखाने आणि तिथून येणारे लोखंडी राक्षस. म्हाताऱ्यांनी काठी आपटली की वेली उठतात आणि राक्षसांचे पाय धरतात. परवा त्याने मला विचारलं, "आजी, असे लोक खरे असतात?" मी म्हटलं, असतात म्हणजे काय, आमच्या घरातच होते. फक्त दाढी कुणाला नव्हती, आणि त्यांच्यातली मुख्य होती ती माझी आत्या. राक्षसही आला होता एकदा, त्याला टँकर म्हणत. पोराला काही ते पटलं नाही. त्याची आई, म्हणजे माझी लेक, आतून ओरडली, "आई, त्याला उगाच काहीतरी भरवू नकोस." म्हणून त्याला भरवत नाही, इथे लिहून ठेवते.

आमचं गाव मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. गावाच्या वरच्या अंगाला राई. राई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही. देव म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, आणि त्याच्या पायाशी झरा. उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला की सगळं गाव त्या झऱ्यावर हंडे घेऊन यायचं, त्यात वरची आळी, खालची आळी, बुद्धवाडी असं काही नव्हतं. राईची राखण करणारी पाच घरं होती, त्यांना राईकरी म्हणत. त्या पाचांत राखणदारीचा मान आमच्या घराचा. मान बापाकडून लेकाकडे यायचा, म्हणून राखणदार माझा बाबा. खरी राखण करायची ती त्याची थोरली बहीण, आमची आत्या. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली ती कायमची. बाबा स्वभावाने इतका गरीब की राईत बकरी शिरली तर तो हद्दीवर उभा राहून "ये गो भाईर, ये ना" अशी तिची मनधरणी करायचा. आत्या नुसती वळणावर दिसली तरी बकरी पळायची.

राईकऱ्यांचे नियम सांगू लागले तर प्रकरण त्यातच संपेल. आत चप्पल नाही, शीळ नाही, थुंकणं नाही. आंबा पडलेला मिळाला तर तिथेच खायचा आणि कोय तिथेच ठेवायची. सगळ्यांत मोठा नियम हा, की राईचं जे आहे ते राईबाहेर जात नाही. सुकलेली काटकीसुद्धा नाही. बाहेर पडताना हद्दीवर उभं राहून परकराला चिकटलेली कुसळं एकेक वेचून परत आत टाकायची. शाळेला उशीर झाला म्हणून आत्याने कधी सूट दिली नाही. आणि जे बाहेरचं एक रात्र राईच्या जमिनीला टेकून राहिलं, तेही राईचंच झालं. आमच्या गुरुजींची छत्री अशीच एकदा झऱ्याजवळ राहिली. दुसऱ्या दिवशी ते न्यायला आले तेव्हा आत्याने हात जोडून सांगितलं, "गुरुजी, ती आता तुमची नाय." गुरुजींनी भर पावसात शाळा गाठली आणि आम्हाला त्या दिवशी भागाकार जरा जास्तच आले. एकदा एका बकरीने राईतलं गवत खाल्लं, तेव्हा आत्याने तिला दावं लावून आतच उभी केली आणि लेंड्या पडेपर्यंत सोडली नाही. हे सगळं हसण्यासारखं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण हसायचं ते हद्दीबाहेर येऊन.

घरात या साऱ्यावर हसण्याचा मान एकट्या आईचा. ती धसईची. बाजाराच्या गावात वाढलेली, भाजीच्या पाटीला हात लावून वजन सांगणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिने परसात चुलीसाठी राईतून वाऱ्याने उडून आलेली पानं गोळा केली होती. आत्याने ती टोपलीभर पानं तिच्या डोक्यावर देऊन परत राईत टाकायला लावली. "मी नवरी व्हते आनि पयल्या दिवशी कचरा परत करायला गेले," असं ती सांगायची आणि आत्या पलीकडे वाल सोलत बसलेली असली तरी सांगायची. आत्याही ओठ न हलवता हसायची. दोघींचं चांगलं जमत असे, फक्त ते दोघींनीही कधी कबूल केलं नाही. हिवाळ्यात संध्याकाळी चुलीत करांदे भाजत टाकलेले, तांदळाच्या भाकरी थापल्याचा आवाज, खळ्यावर भात झोडल्याचा धप्प धप्प ताल, आणि या दोघींची एकमेकींना टोचणी, एवढं डोळे मिटले की अजून ऐकू येतं. आता कल्याणला मी भाकरी विकत आणते. असो.

तर त्या सुमारास मुरबाडच्या बाजूला कारखाने उभे राहत होते, आणि आमच्यापासून कोसभरावर एक कंपनी आली. रंगाला लागणारं काहीतरी तिथे व्हायचं. काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, कारण निम्मं गाव तिथे कामाला लागलं. बाबा अर्ज द्यायला गेला तेव्हा साहेबांनी विचारलं, "आधी काय करत होतास?" बाबा म्हणाला, "राखण." साहेबांनी त्याला तिथल्या तिथे गेटावर वॉचमन म्हणून घेतला. दुपारपासून रात्रीपर्यंतची पाळी, खाकी कपडे, आणि काळे बूट. ते बूट त्याच्या पायात गेले की तो उगाचच उंच पाऊल टाकत चालायचा. शाळेतून आले की संध्याकाळचा डबा मी पोचवायची. रोज दिवेलागणीच्या आधी एक टँकर कंपनीतून निघायचा. बाबा गेट उघडायचा, कपाळाला हात लावायचा, टँकर निघून जायचा. मी विचारलं, यात काय असतं? बाबा म्हणाला, "घान पानी. कल्यानच्या पुढं नेतात, तिकडं त्याचं काय ते करतात." त्याला तसंच सांगितलं होतं.

मग ओढ्यातले मासे उलटे होऊन तरंगायला लागले. पाण्याला जांभळट रंग आणि असा वास, की म्हशी तोंड लावून मागे सरायच्या. आत्या रोज ओढ्याच्या काठाने वर वर शोधत जायची, हे कुठून येतं बघायला. एका संध्याकाळी तिला ते सापडलं. कल्याणच्या पुढचं ते ठिकाण म्हणजे आमचा ओढा होता. खालच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून टँकरवाल्याने त्या दिवशी नवी आडोशाची जागा शोधली आणि टँकर मागे घेत घेत थेट राईत घातला, झऱ्याच्या वर. तिथली माती बारमाही ओली. मागची चाकं रुतली. तो खाली उतरून कॉक सोडायला हात घालणार, एवढ्यात झाडाआडून आत्या पुढे आली. पुढे त्यानेच सांगितलं, "मला वाटलं देवीच आली. मी हात जोडले, चपला काढल्या, आणि मगच विचारलं की बाई तुम्ही कोण."

टँकरवाल्याचं नाव बबन, बीडकडचा, बायकापोरं गावी. आत्याने गाव गोळा केलं तोवर अंधार पडला. पोरांनी ढकलून पाहिलं, चाकं आणखी खाली गेली. बबनला टँकर सोडून जायची भीती, साहेब ओरडतील म्हणून तो केबिनमध्येच झोपला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा आत्या टँकरसमोर कपाळाला हात लावून बसली होती. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण तिला तसं गोंधळलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. टँकर रात्रभर राईच्या जमिनीला टेकून राहिला होता. टँकर राईचा झाला होता.

आता ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली की तो म्हणतो, अहो मग काढून टाकायचा ना, नकोच होता ना तुम्हाला? हेच आई त्या दिवशी म्हणाली. पण गुरुजींची छत्री दिली नाही, बकरी सोडली नाही, आणि कंपनीचा टँकर मात्र द्यायचा? मोठ्याला एक आणि गरिबाला एक असा नियम राईकऱ्यांत चालला नसता. धर्मा भगताला बोलावलं. त्याने देवाला कौल लावला, म्हणजे ओल्या दगडावर तांदळाचे दोन दाणे चिकटवले. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. टँकर राईबाहेर न्यायचा का, विचारलं. डावा पडला. आईने "वाऱ्यानं पडला" असं म्हणून पाहिलं. पुन्हा लावला, पुन्हा डावा. मग भगताने बबनकडे पाहून विचारलं, "ह्याचा काय?" बबन म्हणाला, मी तर केबिनमध्ये होतो, जमिनीला टेकलोच नाही. आत्याने विचारलं, "रातचा खाली उतरला नाय?" बबनचं तोंड उतरलं. लघवीला उतरला होता. मोठी चर्चा झाली आणि असं ठरलं की माणसावर जबरदस्ती नाही, पण उतरलास तर राईचा झालास हे खरं, तेव्हा जेवण आमच्याकडून. आईने दुपारी त्याला सुकट, भाकरी आणि कांदा पाठवला. जाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्याहून वाईट म्हणजे टँकरचा कॉक गळत होता. थेंब थेंब, पण खाली झरा. आम्ही बादली लावली. बादली भरली की ओतायची कुठे? राईबाहेर नेता येत नाही आणि राईत ओतायची नाही. शेवटी एकच उपाय उरला, शिडी लावून टँकरच्या वरच्या झाकणातून परत आत ओतायची. नाकाला ओला फडका बांधून बाबा शिडीवर, मी खालून बादली देणार, थोड्या वेळाने पुन्हा तेच. कंपनीची घाण आम्ही कंपनीच्या टँकरमध्ये भरत होतो, तेही फुकट. डोळ्यांतून पाणी यायचं. ते वासाने की कशाने, हे बाबाच्या बाबतीत मला सांगता आलं नसतं, कारण आत्याने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बाबा रोज सलाम ठोकून ज्याला गेटाबाहेर सोडायचा तोच हा टँकर, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. ती घरातल्या खांबाशी बोलायची. "खांबा, त्या वाचमनला सांग, भाकर वाढलीय. खांबा, त्याला सांग, झोडनी उरकली. ह्या वर्षी वेठीला पयली गाठ मी मारनार, त्यानं हात लावायचा नाय."

ही वेठ म्हणजे पेंढ्याचा जाड दोर. दर वर्षी झोडणी उरकली की नव्या पेंढ्याची वेठ वळून राईला सगळीकडून वेढा घालायचा. त्याला राई बांधणं म्हणत. वेठीच्या आत राई, बाहेर गाव. पहिली गाठ राखणदाराने मारायची, आणि एकदा पडलेली गाठ पुढच्या झोडणीपर्यंत कुणी सोडायची नाही. पहिली गाठ मारू दिली नाही, म्हणजे बाबाची राखणदारी गेली. आजोबांपासून आलेली एवढीच काय ती त्याची मिळकत. बाबाने खांबाकडे पाहून मान हलवली आणि भाकरी तशीच ठेवून उठला. मला आत्याचा तेव्हा इतका राग आला की तिचा पाट मी मुद्दाम ओला ठेवला.

साहेब आले ते जीप घेऊन, आणि मागून शहापूरहून मागवलेली क्रेन. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. कल्याणला घर, संध्याकाळच्या आत परतायचं. आधी त्यांनी आत्याला समजावलं, मग भगताला, मग देवाच्या दगडाकडे पाहून नाइलाजाने नमस्कार केला. शेवटी बाबाला बाजूला घेतलं. मी बादली धरून तिथेच होते. म्हणाले, "शिवा, तू आमचा माणूस ना? परवापर्यंत टँकर कंपनीत आला नाही तर तूही येऊ नकोस." बाबा म्हणाला, "होय साहेब." साहेबांनी क्रेनवाल्याला खूण केली. क्रेनवाला हद्दीपर्यंत आला, आणि आत्याने त्याला साधंच विचारलं, "काम रातपर्यंत हुईल ना? नाय झाला तर सांगून ठेवते, गाडी हितंच राहील." त्याने झाडात लटकणारी गुरुजींची छत्री पाहिली, तिच्यात मोहोळ लागलेलं. टँकर पाहिला. शिडीवरून उतरणारा बबन पाहिला. मग कलायला लागलेला सूर्य पाहिला आणि क्रेन वळवली. ती बहुतेक आसनगावच्या अलीकडे थांबली नसावी.

त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलेना. टँकर राहिला तर बाबाची नोकरी जाणार, आणि झराही आज ना उद्या जाणार. टँकर काढला तर राईचा नियम बाबाच्याच हाताने मोडणार. आई भाकऱ्या थापत होती. तिला असल्या शांततेचा मनस्वी कंटाळा. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती वैतागून म्हणाली, "टँकर राईतून नेता येत नाय, तर राईच न्या टँकरसंगं. कंपनीपर्यंत जाऊन या म्हनावं दोघांना."

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. ती आईकडे पाहत राहिली. मग हातातला वाल टोपलीत टाकून उठली आणि तशीच धर्मा भगताकडे गेली. आई म्हणाली, "वन्सं, मी मस्करी केली!" पण तोवर आत्या अंगणाबाहेर. सकाळी कौल लागला. विचारलं, राई चालेल का? उजवा दाणा असा टपकन पडला, की भगतालाच भीती वाटली.

मग सगळ्या गावाने पेंढा वळला. म्हातारे, पोरी, कंपनीतून रजा घेतलेले गडी, बुद्धवाडीतली माणसं, सगळी खळ्यावर. नव्या वेठीने राई बांधली. पहिली गाठ आत्याने मारली आणि बाबा पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन लांब उभा राहिला. मग तिला आणखी एक वेठ जोडून टँकरभोवती फिरवली, गाठ मारली आणि मधला जोड, जो गाठ न मारता नुसता पिळून ठेवला होता, तो सोडवला. आता टँकरभोवती जी रिंगणाएवढी जागा होती ती राई, फक्त सुटी. चाकांखाली पेंढा घातला, रेड्यांच्या दोन जोड्या लावल्या, सगळ्यांनी खांदे लावले आणि टँकर चिखलातून सुटला. बबन केबिनमध्ये, पहिल्या गियरवर. आम्ही सगळे वेठ हातात धरून चारी बाजूंनी, अनवाणी. टँकर चालला तशी राई चालली.

तो कोसभर रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. आत्या पुढून ओरडायची, "ढिली सोडू नका रे! उजवीकडची राई मागं राह्यली!" मागे धसईहून येणारी एसटी अडकली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तर आत्याने मागे वळून सांगितलं की राईत आवाज करायचा नाही. कंडक्टर उतरून आला, काय चाललंय विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर त्याने कोपऱ्यात थोडी वेठ धरली, वर म्हणाला, पुण्य लागतं का यात? एक कुत्रं वाटेत वेठीखालून आत शिरलं. ते बाहेर काढावं की नाही यावर चालता चालता वाद झाला आणि शेवटी ते तसंच आमच्याबरोबर आलं. आई आपली डोक्यावर टोपलीत बबनचा डबा घेऊन बाजूने चालत होती आणि एसटीच्या खिडक्यांतल्या बायकांना, "माझी काय चूक नाय, मी मस्करी केली व्हती," असं सांगत होती.

साहेब गेटावर उभे होते. टँकर येताना दिसला तसा त्यांचा चेहरा उजळला. भगताने त्यांना रीतसर विचारलं, "साहेब, राई हितं आत ठेवावी लागल. सुटी राई वाऱ्यावर ठेवता येत नाय. वेठ गेटाच्या खांबांना बांधतो, आतल्या बाजूनं, टँकर उभा रातो तेवढा आवार धरून. हरकत नाय ना?" साहेब म्हणाले, "कसली हरकत! बांधा, पाहिजे तर नारळही फोडा, मी आणतो." आणि खरंच नारळ आणला, वर वेठीचं टोक स्वतः धरून दिलं. गेटाच्या खांबाला शेवटची गाठ मारायची वेळ आली तेव्हा आत्या कुठेतरी कुत्र्याच्या मागे होती. बाबा जवळ होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं, आणि कुणी काही म्हणत नाही असं बघून गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर बाबा स्टुलावर बसलेला, बूट काढून बाहेर ठेवलेले. दिवेलागणी व्हायची होती. आतून टँकर आला, भोंगा वाजला. बाबा उठला, गेटापाशी गेला, कडीला हात लावला. तिथे खांबाला कालची वेठ होती. तो बराच वेळ कडीला हात लावून उभा राहिला. मला वाटलं कडी अडकली. साहेब ऑफिसातून बाहेर आले, "शिवा, उघड की!" बाबा वळला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की साहेबांना पुढे येऊन ऐकावं लागलं. "साहेब, रातभर टँकर हितंच व्हता. टेकलेला. राईतलं भाईर जात नाय."

साहेब आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी पुढे येऊन कडी स्वतः काढली आणि गेट सताड उघडलं. पाळी सुटली होती, गडी गोळा झाले होते. आधी एकाने चप्पल काढली, मग सगळ्यांनी. साहेबांनी बबनला हात केला, चल, काढ गाडी. बबनने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. साहेब म्हणाले, "अरे, तू तर इथला नाहीस!" बबन म्हणाला, "साहेब, मी बी राईचाच हाय. मुक्काम झालाय माझा." उघड्या गेटात साहेब उभे, आणि टँकर बाहेर न्यायला कुणी नाही. साहेबांना टँकर चालवता येत नव्हता. त्यांनी बाबाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बाबाने बूट उचलले, साहेबांच्या हातात दिले, कपाळाला हात लावला आणि आम्ही निघालो.

वाटेत तो एकदाच बोलला, "आतेला काय सांगायचं गो?" मला रडू आलं. नोकरी गेली होती आणि त्याला आत्याची काळजी. घरी मीच सगळं एका दमात सांगितलं. आई चुलीपाशी नुसती बसून राहिली. आत्या खांबाकडे गेली नाही. बाबासमोर येऊन बसली, त्याचे धुळीने भरलेले पाय पाहिले आणि म्हणाली, "शिवा, गेटाकडची राई आता कोन राखनार?" बाबाने पाय जवळ ओढून घेतले. ती म्हणाली, "उद्या जा. रोजच्या टायमाला जा."

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, नाहीतर माझ्या लेकीला वाटेल मी परीकथा लिहिली. टँकर आवारातच राहिला, गळत राहिला, आणि त्याच्या वाऱ्याच्या दिशेला साहेबांची खिडकी होती. घाण रोज तयार होत होती आणि ठेवायला जागा नव्हती. मग मोठे साहेब आले, नाकाला रुमाल लावून फिरले, आणि पाणी साफ करायच्या टाक्या, ज्या म्हणे कागदावर आधीपासूनच होत्या, त्या जमिनीवर बांधल्या गेल्या. तयार मालाचं काय, असं गड्यांनी काळजीने विचारलं होतं. त्यावर माल लाकडी फळ्यांवर असतो, जमिनीला टेकत नाही, सबब तो राईचा नाही, असा धर्मा भगताने निवाडा दिला. कंपनी चालली पाहिजे हे आमच्या देवालाही कळत होतं. बबन दिवाळीला गावी गेला तो आत्याला विचारून गेला. ओढ्यात मासे यायला मात्र पुष्कळ वर्षं लागली, आणि काही जातीचे परत आलेच नाहीत. बाबाला पुढे कामावर घेतलं, पण ते बऱ्याच दिवसांनी.

नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. दुपारी आईने न विचारता भाकरी बांधली. बाबा खाकी कपडे न घालता, धोतर नेसून, अनवाणी गेला आणि गेटाजवळ वेठीशेजारी जमिनीवर बसला. संध्याकाळी मी डबा घेऊन पोचले तेव्हा गेटावर नवा वॉचमन होता, शेजारच्या गावचा. त्याने आपलं स्टूल बाबाला देऊ केलं होतं, बाबाने घेतलं नव्हतं, म्हणून तोही बिचारा उभा होता. आत टँकर चालू झाल्याचा आवाज आला. साहेबांनी कुठूनतरी दुसरा ड्रायव्हर आणला होता. टँकर गेटापर्यंत आला, भोंगा वाजला, नवा वॉचमन बाबाकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिले. जन्मभर बकऱ्यांची मनधरणी केलेला माझा बाबा उठला, टँकर आणि बंद गेट यांच्या मधोमध येऊन बसला, आणि टँकरकडे पाठ करून मला म्हणाला, "काढ गो डबा, भूक लागलीय." मी डबा उघडला. मागे टँकरचं इंजिन धडधडत होतं, वाफ पाठीवर येत होती. बाबाने भाकरीचा तुकडा मोडला, सुकटीला लावला आणि सावकाश चावत राहिला. अर्धी भाकरी संपली तेव्हा मागचं इंजिन बंद झालं.